तिसऱ्या वळणावरचा गरुड

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. माझ्यासारखी जुनी यंत्रे आपली कहाणी सांगायला बसली, की आधी आपल्या मोठेपणाच्या गोष्टी सांगतात. तशा माझ्याकडेही आहेत, आणि मोठेपणाची हौस मला कुणापेक्षा कमी नव्हती. पण आधी लाजेचे सांगून टाकतो, म्हणजे पुढे जीभ अडखळणार नाही. माझ्यामुळे एका सरळ माणसाला मालवणच्या भर बंदरावर मान खाली घालावी लागली. सणाचा दिवस होता, आणि दोष त्याचा नव्हता, माझा होता.

माझा जन्म दूर समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. उंच लाकडी खोका, पुढे काच, काचेखाली मोटारीसारखे गोल चाक आणि पायाशी दाबायची पट्टी, असे माझे रूप होते. माझ्या पोटात मोटारींची शर्यत होती. रस्ता पळायचा, दोन्ही बाजूंना डोंगर आणि झाडे मागे पडायची, आणि एकामागून एक वळणे यायची. मी पुरता तयार झालो होतो, तेवढ्यात एके दिवशी कोट घातलेला एक गृहस्थ कारखान्यात आला. तो 'बार्कर्स ईगल' नावाची दारू विकणाऱ्या कंपनीचा होता. त्याने दुपारभर माझ्यावर मोटार चालवली, पण त्याचे लक्ष शर्यतीकडे नव्हते. इतर खेळणाऱ्यांचे डोळे कुठे सर्वांत जास्त विस्फारतात, हे तो बघत होता. तिसरे वळण फार अवघड होते आणि बहुतेक मोटारी तिथेच आपटत. त्याने नेमके तिथे बोट ठेवले.

आठ दिवसांत त्या वळणावर एक मोठी पाटी उभी राहिली. लाल सूर्य, सूर्यावर पंख पसरलेला सोनेरी गरुड आणि त्याच्याभोवती कमानीसारखी इंग्रजी अक्षरे. चित्रात बाटली कुठेच नव्हती. खरे सांगतो मित्रांनो, मी हुरळून गेलो. बाकीच्या खेळांच्या रस्त्यांवर नुसती झाडे, आणि माझ्या रस्त्यावर खऱ्या जगातल्या खऱ्या कंपनीची पाटी! ती पाटी कशाची आहे, ती कुणापुढे धरली जाणार आहे, हे विचारावे असे माझ्या मनातसुद्धा आले नाही.

आधी मुंबई, मग म्हापसा असे करत एकोणीसशे पंच्याऐंशी साली मी एका ट्रकमधून मालवणला उतरलो. बाबली नावाच्या माणसाचे बंदरावर सोडा-लिंबूचे दुकान होते. त्याने मला दाराशेजारी उभे केले. तिथून समोरची वाळू, वाळूवरच्या होड्या आणि पलीकडचा समुद्र मला दिसायचा. बाबली बडबड्या होता, पण मनाचा चांगला. रोज सकाळी आपल्या पंच्याने माझी काच पुसायचा. खारे वारे माझ्या तारा खातील म्हणून पाठीमागे गोणपाट लावायचा. खंडेनवमीला त्याने मला झेंडूची माळ घातली आणि माझ्यापुढे नारळ फोडला, तेव्हा तर मी फुगून खोक्यात मावेनासा झालो.

शाळा सुटली की मुले यायची, आणि त्यांच्यात एक मोठा माणूसही यायचा. त्याचे नाव दाजी. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, मासेमारी करणारा. तो रोज संध्याकाळी यायचा, नाणे टाकायचा, चाक घट्ट धरायचा आणि कुणाशी एक शब्द न बोलता मोटार चालवायचा. मोठा माणूस पोरांच्या खेळात रमतो म्हणून लोक प्रथम हसले. मग खरे कारण सगळ्या बंदराला कळले आणि हसणे थांबले.

दाजी दहा वर्षे दारू प्यायचा. दिवस मावळला की त्याचे पाय आपोआप गुत्त्याकडे वळायचे. त्याची बायको सावित्री डोक्यावर टोपली घेऊन घरोघर मासे विकायची आणि त्यावर घर चालायचे. शेवटी ती वैतागून देवबागला माहेरी निघून गेली. तेव्हा दाजीचे डोळे उघडले. त्याने धामापूरला जाऊन भगवतीसमोर नारळ ठेवला आणि पुन्हा दारूला शिवणार नाही, अशी शपथ घेतली. सावित्री परत आली, पण परत येताना तिने एकच गोष्ट सांगितली. शपथ मोडली तर ती पुन्हा जाईल, आणि मग परत येणार नाही.

शपथ घेणे एक आणि संध्याकाळ काढणे एक. हात थरथरायला लागले, की दाजी माझे चाक येऊन धरायचा. तासभर मोटार चालवून घाम पुसत घरी जायचा. हळूहळू हाताची थरथर गेली. बाबली येईल-जाईल त्याला सांगायचा, की आमच्या मशिनीने दाजीला माणसात आणले. ते ऐकून माझी छाती, म्हणजे काच, भरून यायची. आणि दर फेरीला, तिसऱ्या वळणावर, तो डोळे मोठे करून बघत असताना, मी त्याच्यापुढे दारूची पाटी धरत होतो. एकदा नाही, दोनदा नाही, हजारो वेळा.

दाजीला इंग्रजी वाचता येत नव्हते. त्याला त्या पाटीवर विष्णूचे वाहन दिसायचे. तिसरे वळण निभावले, की तो पाटीकडे बघून क्षणभर हात जोडायचा. पाटी खरी कशाची, हे मला एव्हाना कळले होते आणि अंगावर काटा येत होता. पण यंत्राला चाक असते, तोंड नसते.

पुढच्या वर्षी दाजीने नवी होडी बांधली. आमच्या बंदरावरची रीत तुम्हाला ठाऊक असेल. पावसाळ्यात होड्या वाळूवर ओढून माडाच्या विणलेल्या झापांखाली ठेवतात. नारळी पौर्णिमा जवळ आली की त्या रंगवतात, होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, शुभचिन्ह काढतात, आणि सणाच्या दिवशी घरची लक्ष्मी त्या नाळेला हळदकुंकू लावते. नाळ ही होडीचे तोंडच. त्यावर जे असेल ते समुद्राला आधी दिसते. होड्या रंगवणारा महादू पेंटर दाजीला विचारायला आला, की नाळेवर काय काढू? दाजी त्याला हाताला धरून माझ्याकडे घेऊन आला. पाच-सहा वेळा मोटार तिसऱ्या वळणापर्यंत नेली आणि दर वेळी पाटीकडे बोट केले. महादूने कागदावर गरुड उतरवून घेतला. भोवतीची अक्षरेही त्याने वेलबुट्टी समजून जशीच्या तशी घेतली. हात त्याचा फार सफाईचा होता, एक रेघ इकडची तिकडे झाली नाही.

नारळी पौर्णिमेला दुपारी सारे बंदर भरले होते. दाजीची होडी सगळ्यांत उठून दिसत होती. सावित्री नवे लुगडे नेसून ताट घेऊन आली. तिने नाळेला पाणी लावले, गरुडाच्या कपाळावर कुंकू टेकवले आणि हात जोडले. दाजीच्या चेहऱ्यावरचे समाधान मला दुकानातून दिसत होते. आणि मी, मित्रांनो, काळा ठिक्कर पडून उभा होतो.

समुद्राला नारळ द्यायला आलेल्यांत हायस्कूलच्या विमलाबाई होत्या. त्या इंग्रजी शिकवायच्या. त्या नाळेपाशी थबकल्या, अक्षरे वाचली, पुन्हा वाचली. बाई सज्जन. सगळ्यांसमोर बोभाटा नको म्हणून त्यांनी सावित्रीच्या कानाशी लागून सांगितले, की हे दारूच्या कंपनीचे चिन्ह आहे, आणि भोवती 'बार्कर्स ईगल रम' असे लिहिले आहे. पण बंदरावर कानात सांगितलेली गोष्ट कानात राहते थोडीच! पाच मिनिटांत ती साऱ्यांना कळली. कुणीतरी म्हणाले, दाजीने दारू सोडली नाही, देव्हाऱ्यात बसवली. लोक हसले.

सावित्रीने ताट वाळूवर ठेवले.

"देवीसमोर नारळ ठेवन आण घेतलंस," ती दाजीला म्हणाली, "आणि होडयेर दारूचो शिक्को?"

"माका ठावक नाय गो. तो खेळातलो गरुड आसा. बाबलीकडच्या मशिनीत दिसता."

"पोरांच्या खेळात दारू कोण घालतलो?" सावित्री म्हणाली. "धा वर्सां असलीच उत्तरां ऐकलंय मी."

तिचे काय चुकले? पोरांच्या खेळात दारूची पाटी असते, यावर कुठला शहाणा माणूस विश्वास ठेवील? दहा वर्षांत दाजीने तिला पुष्कळ बहाणे सांगितले होते आणि त्यातले बरेचसे याहून खरे वाटण्यासारखे होते. लांडगा आला रे आला, तशी त्याची गत झाली. ती देवबागच्या वाटेकडे वळली. दाजी तिला अडवायला धावला नाही. जागच्या जागी उभा राहून तो एवढेच म्हणाला, "एकदा येवन बघ. मगे खंय जाऊचा तां जा."

ती थांबली. मग दुकानाकडे चालू लागली. मागोमाग विमलाबाई, महादू आणि निम्मे बंदर आले.

दाजीने नाणे टाकले आणि चाक धरले. वर्षभर ज्या हातांना थरथर नव्हती, ते हात पुन्हा थरथरत होते. पहिल्याच वळणावर मोटार आपटली. त्याने दुसरे नाणे टाकले. दुसऱ्या वळणावर आपटली. मागून कुणीतरी हळूच हसले. बाबलीने गल्ल्यातले नाणे काढून त्याच्या हातावर ठेवले, पण ते दाजीच्या बोटांतून निसटून खाली पडले. सावित्रीने ते उचलले, स्वतः माझ्यात टाकले, आणि म्हणाली, "सावकाश चलव."

माझ्यावर सावकाश मोटार आजवर कुणी चालवली नव्हती. बाकीच्या मोटारी भराभर पुढे निघून गेल्या आणि दाजीची मोटार बैलगाडीसारखी एकटी मागे राहिली. पहिले वळण गेले, दुसरे गेले. तिसरे आले आणि पाटी आली. वेगात ती डोळ्याचे पाते लवते तेवढीच दिसायची. आता मोटार रखडत असल्यामुळे ती हळूहळू मोठी होत गेली आणि काचभर होऊन उभी राहिली. तोच सूर्य, तोच गरुड, तीच अक्षरे. सावित्रीने पाटीकडे पाहिले, दारातून दिसणाऱ्या नाळेकडे पाहिले, आणि पुन्हा पाटीकडे पाहिले. विमलाबाई म्हणाल्या की हो, तीच आहे. मग कुणीच हसले नाही.

सावित्री बाबलीकडे वळली. "हो माणूस दारू इसरूक हय येय," ती म्हणाली. "आणि तुमी तेका रोज काय दाखवत होतास?"

बाबली पुटपुटला, "माका तरी इंग्रजी खंय येता, वैनी?"

ती त्याला पुढे काही बोलली नाही, आणि मला तर नाहीच. तिने मला शिवी घातली असती, एखादा दगड मारला असता, तर मला थोडे बरे वाटले असते. तिने दाजीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "चल. रंग खरवडूचो आसा."

त्या दोघांनी कालवांच्या शिंपल्यांनी तो गरुड खरवडून काढला. त्याच्या कपाळावरचे कुंकूही त्याबरोबर गेले. सगळ्या होड्या सजूनधजून समुद्रात उतरल्या. दाजीची तेवढी उघड्या लाकडाच्या नाळेने उतरली.

त्यानंतर दाजी माझ्याकडे आला नाही. आईबापांनी मुलांना पाठवायचे बंद केले. बाबलीने माझी काच पुसायचे सोडले, मग पाठीचे गोणपाटही काढून घेतले. खाऱ्या वाऱ्याने दोन पावसाळ्यांत माझ्या तारा खाल्ल्या. आता मी कुडाळला एका वायरमनच्या पडवीत, मोडक्या पंख्यांच्या गर्दीत पडलो आहे. मागच्या आठवड्यात बाजाराला आलेला बाबली इथे डोकावला, तेव्हा वायरमनशी बोलताना दाजीचा विषय निघाला. दाजीने अजून दारूला हात लावलेला नाही. संध्याकाळी तो जाळी विणत बसतो आणि सावित्री शेजारी बसते. म्हणजे त्याला माणसात आणणारा मी कधीच नव्हतो, मित्रांनो. तो आपल्या शब्दाच्या जोरावर उभा होता, आणि मी रोज त्याच्या पायाखालची वाळू काढत होतो.

पाटी मी लावली नव्हती, असे म्हणून मी सुटू शकतो. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, ती आज तुम्हाला सांगतो. त्या दुपारी सावित्रीने माझ्यात नाणे टाकले आणि दाजी रखडत रखडत तिसऱ्या वळणाकडे येऊ लागला, तेव्हा मी मनात एकच धावा करत होतो, की वीज जाऊ दे. दाजीची बायको गेली तरी चालेल, पण माझी पाटी चारचौघांत दिसायला नको. आमच्याकडे वीज रोज जायची. त्या दिवशी गेली नाही, म्हणून एक संसार वाचला. त्यात माझे श्रेय कणभर नाही.

मुलांनो, खेळ खेळा, चाक फिरवा, मजा करा. अवघड वळणावर तुमच्या डोळ्यांपुढे कुणी काही धरले, तर ते कुणाचे आहे आणि नेमके तिथेच का आहे, हे कुणा जाणत्याला विचारा. आणि कधी तुमच्या हातून चूक झाली, आणि ती उघड केल्याने दुसरा कुणी सुटणार असेल, तर वीज जायची वाट बघू नका.