वोइनला लिहिलेलं कोरडं पत्र

प्रोफेसर लिव्हियो स्मोक्विना यांनी तीस वर्षं खपून एक पुस्तक लिहिलं. माणूस दुसऱ्याला खरंच ओळखू शकतो का, यावर. लिहिलं इटालियनमध्ये, कारण क्रोएशियातल्या रियेका गावच्या त्यांच्या घराण्याला विचार करायला तीच भाषा. आणि वाचायचं होतं एकाच माणसानं, त्यांच्या बायकोनं. स्तानाकाकूंना इटालियन भाजीबाजारापुरतंच यायचं. १९९४च्या वसंतात डॉक्टरांनी त्यांना फार तर वर्ष दिलं.

"नेवेंका, पुस्तकं छापतेस ना? मग हे तिच्या भाषेत आणणारा माणूस शोध," प्रोफेसर म्हणाले.

शोध म्हणे! कोर्टातल्या एका गृहस्थांनी नमुन्याचं पान करून दिलं. काकूंनी ते वाचलं आणि विचारलं, "अहो, हे तत्त्वज्ञान आहे की आपला भाडेकरार?" दुसरी एक मुलगी हॉटेलांची माहितीपत्रकं करायची. तिच्या पानात मरणसुद्धा समुद्राकाठचं आणि सर्व सोयींनी युक्त होतं.

हे काम झेपेल असा एकच होता, वोइन. प्रोफेसरांची आधीची तिन्ही पुस्तकं त्यानंच केली होती. दर उन्हाळ्यात माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझ्या हातचे मासे खात, तो एकेका शब्दावरून माझ्याशी भांडायचा. पण वोइन सर्बियातल्या बेलग्रेडचा. त्यांच्या-आमच्या युद्धानं फोन तोडलेले, टपाल बंद. पत्र इटलीतल्या त्रिएस्तेच्या चुलतबहिणीकडे द्यायचं आणि तिनं तिथून धाडायचं, एवढाच मार्ग.

हस्तलिखिताची प्रत जोडून मी पत्र लिहिलं, तेही भीतभीत. कुणी फोडलंच, तर शत्रूच्या गावातली मैत्रीण म्हणून त्याला त्रास नको. वर 'माननीय महोदय', खाली 'आपण हे काम करू शकाल का, कळवावे'; काकूंच्या आजाराचा उल्लेखही नाही. तेव्हा दोन्हीकडचे सगळेच असं लिहायचे.

दीड महिन्यानं उत्तर आलं. 'माननीय बाई, सध्या शक्य नाही. आपल्याकडेच कोणी पाहावे.'

माझा पापड मोडला. माननीय बाई! मी? म्हटलं, गेला उडत. पुन्हा लिहिलं नाही. काकू मात्र दर भेटीत विचारायच्या, "आला का गं तुझा माणूस?" फेब्रुवारीत त्या गेल्या.

युद्ध थांबल्यावर वोइन हंगेरीमार्गे बसनं त्रिएस्तेला आला, आणि निरोप मिळताच मी गेले. त्याचे केस पार पांढरे झालेले. त्यानं पिशवीतून चारशे पानांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला.

"अरे, शक्य नाही म्हणालास ना?"

"तुझं पत्र वाचून वाटलं, बाईवर कुणाची तरी नजर आहे. माझं नाव पुस्तकावर आलं तर तुझं दुकान बंद पाडतील. म्हणून तसं लिहिलं."

"मग हे?"

"चार महिन्यांत केलं. तू एकदा तरी शिवी घालून लिहिशील, मग पाठवीन म्हटलं."

काकू गेल्याचं मी सांगितलं. भर कॉफीघरात आम्ही दोघंही रडलो. मला माझीच लाज वाटत होती. एका शिवीचं तर काम होतं.

रियेकाला परतून मी गठ्ठा प्रोफेसरांना दिला. त्यांनी पहिलं पान वाचलं, मग दुसरं. "स्ताना बोलायची तसंच आहे," म्हणाले.

"या महिन्यातच छापायला घेते."

त्यांनी पानं सारखी केली आणि माझ्याकडे सरकवली.

"कुणासाठी, पोरी? मला इटालियन येतं."