हरूनही मिळालेला गुण

माझा धाकटा मुलगा संदीप याचं लग्न झालं त्या वर्षाची, २०२५ ची ही गोष्ट. लग्नात नाचलेली माझी बायको लाडकी पावसाळा सरता सरता अंथरुणाला लागली. डिसेंबरात तिने जेवण सोडलं. मागायची ती एकच, हर्षदाला आणा.

हर्षदा आमची थोरली नात, तलासरीच्या पोरींच्या रग्बी संघाची कप्तान. शनिवारी कोसबाडला त्यांचा गटातला शेवटचा सामना होता. संध्याकाळपर्यंत तिला आणतो, असं लाडकीला सांगून मी निघालो. सोबत माझा भाऊ चैत्या आणि टेम्पोभर पाड्यातली माणसं.

मला एका जागी बसवेना. मैदानाच्या कडेने नुसता फिरत राहिलो. पोरींना रग्बी शिकवणाऱ्या विनोद सरांनी युरोपातल्या क्लबांसारखी स्पर्धा मांडली होती. तिकडे तीन लीगमधले वरचे क्लब घेतात. इथे डहाणू, तलासरी, जव्हार या तीन तालुक्यांतले वरचे चार-चार संघ. त्यांचे सहा-सहाचे दोन गट. गटात प्रत्येक तालुक्याचे दोन संघ, पण आपल्याच तालुक्याशी सामना नाही. हे मला लगेच पटलं, आपण एका कुळात सोयरीक करत नाही तसंच ते. म्हणून प्रत्येकाला चारच सामने. वरचे चार संघ मोठ्या चषकात पुढे जातात, पाचवा धाकट्या चषकात, सहावा घरी.

आमच्या पोरी सहाव्या होत्या. वेळ संपत आली आणि त्या दहा गुणांनी मागे.

"हरल्या. चल लक्ष्या," चैत्या म्हणाला. आमच्याकडच्या कबड्डीत हरला तो घरी जातो, म्हणून त्याने पोरींच्या पिशव्याही टेम्पोत टाकायला घेतल्या.

तेवढ्यात पंचाने आमच्या बाजूने शिट्टी दिली. हर्षदाने गोलाच्या खांबांकडे बोट केलं, म्हणजे चेंडू लाथेने खांबांमधून मारायचा, त्याचे तीन गुण. माणसं हसली. तीन गुणांनी काय होणार होतं? पण सात किंवा कमी गुणांनी हरलं तर हरणाऱ्यालाही गटाच्या तक्त्यात एक गुण मिळतो, आणि तेवढ्याने आमच्या पोरी पाचव्या होणार होत्या. म्हणजे उद्या सकाळी तलासरीत धाकट्या चषकाचा सामना, आणि आज रात्री संघासोबतच मुक्काम.

चेंडू ठेवायची चकती घ्यायला ती कडेला आली.

"आजा, आजी कशी आहे?"

खोटं बोलावं असं वाटलं. "तुझी वाट बघते."

 चकती घेऊन ती परत गेली. चेंडू जावा की चुकावा, मला ठरवता येईना. मी पाठ फिरवली. पोरींचा आवाज आला तेव्हा कळलं, गेला.

"हरून नाचतात," म्हणत चैत्या पिशव्या परत उतरवू लागला.

हर्षदाने आपली तेवढी टेम्पोतच राहू दिली. संघातल्या निलमला म्हणाली, "उद्या तू सांभाळ," आणि माझ्या शेजारी येऊन बसली.  

घरी लाडकीने तिचा हात धरला, जिंकलात का विचारलं.

"हरलो. पण उद्या आहे सामना."

"मग इथे काय करतेस?" लाडकी म्हणाली. पण हात सोडला नाही.

माझी बायको लाडकी रविवारी, १४ डिसेंबर २०२५ ला, सकाळी वारली.