दोन काचांमधला फरक

मित्रांनो, मी वेधशाळेतले एक जुने यंत्र आहे. आता अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांमागे पडून असते. आकाशाच्या एकाच तुकड्याचे, वेगवेगळ्या वर्षी काचेवर घेतलेले दोन फोटो माझ्यात बसवत. माझी झडप टकटक हले आणि बघणाऱ्याला एकदा ही काच दिसे, एकदा ती. सगळे तारे जागच्या जागी राहत. ज्याचे तेज बदलले असेल, तोच लुकलुके.

माझ्यावर एक ताई काम करत. शाळा सुटली की त्यांची पिटुकली माझ्या पायाशी येऊन बसे. पोर अशक्त होती. चार घास जास्त जेवली तरी ताईंचा जीव भांड्यात पडे.

एके दुपारी धुळीच्या ढगातला एक अंधूक तारा एकाएकी उजळलेला दिसला. वेधशाळेचे साहेब वाकून बघत म्हणाले, "संपला बिचारा. मरतानाचा भडका आहे हा. विझेल थोड्या दिवसांत."

"नाही हो साहेब, हा अजून पुरता घडलेलाही नाही. भोवतीचा वायू नि धूळ एकदम अंगावर ओढून घेतलीय यानं, म्हणून एवढा उजळलाय. लहान आहे तो."

"तुम्हाला सगळीकडे लेकरंच दिसतात!" साहेब हसले. "बरं, दाखवा सिद्ध करून."

ताई इरेला पेटल्या. एकामागून एक जुन्या काचा लावू लागल्या. तेवढ्यात पिटुकली आली.

"आई, बघ ना गं..."

"थांब राणी, एवढी काच होऊ दे."

मग वळून पाहिले आणि हरखल्याच. गाल लालबुंद, डोळे चमकदार. "अगंबाई, आज काय तेज आलंय माझ्या बाळाला!"

काचेवर ठसे उठू नयेत म्हणून ताईंच्या हातांत जाड सुती मोजे होते. मोज्यांनीच त्यांनी तिचा गाल कुरवाळला आणि पुन्हा माझ्यावर वाकल्या. पोर तापाने फणफणली होती. मोज्यांतून ते कळले नाही.

पिटुकली मला टेकून गप्प बसून राहिली. संध्याकाळी ताईंनी तिला उचलले, तेव्हा ती हाकेला ओ देत नव्हती. दवाखान्यातून ताई एकट्याच परतल्या.

तारा काही विझला नाही. पुढच्या वर्षीच्या काचेवरही तो तसाच तेजस्वी होता. साहेब खाली मान घालून म्हणाले, "ताई, तुमचंच खरं. लहानच आहे तो."

पुढे संगणक आले, माझे काम सुटले. त्याचे दुःख नाही. त्या दुपारी मला ओरडता आले नाही, याचे आहे.

मित्रांनो, तुम्हाला बोलता येते. अंगात कणकण वाटली, तर आई कामात आहे म्हणून गप्प बसू नका. तिचा हात धरून ओढा. काच फुटली तर फुटू द्या.