लुत्साची तिवई

मित्रांनो, मी एक जुनी तिवई आहे. तीन पाय, वर गोल फळी, अंगात एकही खिळा नाही. दिसायला साधी असले तरी माझ्या नावावर एका बाईचा जीव जाणार होता. म्हणून मला बोलणं भाग आहे, आणि मी बोलणारच.

हंगेरीत तिसा नदीकाठच्या एका खेड्यात बालिंट नावाच्या सुताराने मला घडवलं. आमच्याकडे तेरा डिसेंबरला, संत लुत्साच्या दिवशी, अशी तिवई करायला घेतात. तेरा झाडांचं लाकूड आणायचं, रोज थोडंसंच काम करायचं आणि नाताळच्या आदल्या दिवशी ती पुरी करायची. त्या रात्रीच्या प्रार्थनेला चर्चमध्ये तिच्यावर उभं राहिलं, की गावातल्या चेटकिणींच्या डोक्यावर शिंगं दिसतात म्हणे. मग जीव घेऊन घराकडे पळायचं आणि मागे खसखस टाकत जायचं. चेटकीण दाणे वेचत बसते, माणूस वाचतो. घरी पोचल्यावर तिवई जाळून टाकायची.

बालिंटने हे हौसेने केलं नव्हतं. त्याचं पहिलं मूल जन्मतःच गेलं होतं. "कुणीतरी केलंय," एवढंच तो म्हणत राही. त्याची बायको आग्नेश गप्प असे. तिने त्याच्या कोटाच्या खिशात खसखशीची पिशवी ठेवली. पिशवीचं तोंड लाल दोऱ्याने शिवलं, एका हिसक्यात उसवेल असं.

चर्चमध्ये तो माझ्यावर चढून उभा राहिला. प्रार्थना संपल्यावर तो खाली उतरला, मला काखेत मारलं आणि चालू लागला. धावला मात्र नाही. वाटेत बर्फावर घसरला, तेव्हा मागून येणाऱ्या म्हाताऱ्या युदित सुइणीने त्याला हात दिला.

"धर घट्ट. पोर गेलं तेव्हा रडला नाहीस, आता तरी रड रे बाबा," ती म्हणाली.

तिच्या दंडाला धरून तो घरापर्यंत रडत आला. मला जाळायचंही राहून गेलं.

नाताळ सरला आणि गावातले गडी मला बघायला त्याच्या कारखान्यात आले.

"काय बालिंट, इतके दिवस नुसता रंधाच मारलास, का दिसली कुणी?" लोहार अंतालने डिवचलं.

"झोपला असेल उभ्या उभ्या!" दुसरा म्हणाला आणि सगळे खो खो हसले.

बालिंटचे कान लाल झाले. "दिसली ना!"

"कोण?"

आता नाव सांगणं आलं. मूल जन्मलं तेव्हा घरात जी होती, तिचंच नाव त्याच्या तोंडून निघालं. "युदित."

हसू तिथेच थांबलं.

नवं वर्ष उजाडलं तेव्हा युदित कोठडीत होती. कुणाची गाय आटली होती, कुणाचं दही नासलं होतं. सगळे साक्षीला धावले. न्यायाधीशांनी ठरवलं, की दुसऱ्या दिवशी तिचे हातपाय बांधून तिला तिसात सोडायचं. बुडाली तर निर्दोष, तरंगली तर जाळायची. मला पुरावा म्हणून मेजावर ठेवलं होतं. एवढा संताप मला आयुष्यात कधी आला नाही. मला तोंड असतं तर मी तिथेच ओरडले असते.

आग्नेश उठून उभी राहिली.

"बाई, तुझा नवरा बोललाय," न्यायाधीश म्हणाले.

"तो बोललाय म्हणूनच मला बोलायचंय, साहेब."

तिने बालिंटच्या खिशातून ती पिशवी काढली आणि माझ्या शेजारी आपटली. "हा दोरा मी घातलेला. बघा, तसाच आहे. शिंगं दिसलेला माणूस एक दाणा न टाकता घरी येतो होय? आणि आला कुणाचा हात धरून? ते विचारा त्याला. दार मी उघडलं होतं."

खसखशीवर तिथल्या प्रत्येकाचा विश्वास होता, अगदी अंतालचाही.

न्यायाधीशांनी दोरा चाचपून पाहिला. "बालिंट, काय दिसलं तुला?"

"पाठी," तो मान खाली घालून म्हणाला. "नुसत्या माणसांच्या पाठी. मला माफ कर, युदितमावशी."

युदित सुटली. त्याच संध्याकाळी बालिंटने मला जाळायला अंगणात काढलं, तर दारात तीच उभी.

"जाळतोस कशाला? त्या कोठडीत गुडघे गेले माझे. बसायला दे ती मला."

तेव्हापासून मी तिच्याबरोबर घरोघर गेले. आग्नेशच्या लेकीचं पहिलं रडणं मी ऐकलं. अंतालच्या सुनेच्या वेळीही युदित गेली. मी तिच्या जागी असते तर गेले नसते.

आज मी एका संग्रहालयात काचेच्या पेटीत आहे. खाली पाटी आहे, 'चेटकीण ओळखण्याची तिवई'. ती वाचून अजूनही माझं डोकं फिरतं. मी एकही चेटकीण दाखवलेली नाही. मी सुइणीची तिवई आहे.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. वाळवीचं आणि माझं मी बघून घेईन. जपायचं ते एकट्या पडलेल्या माणसाला. उद्या तुमच्या गल्लीत कुणी कुणाकडे बोट दाखवलं आणि सगळे माना डोलावू लागले, तर आग्नेशसारखं उठून उभं राहा. आणि बोट दाखवणाऱ्याला ठणकावून सांगा, "आधी तुझ्या खिशातली पिशवी काढ. दोरा उसवलाय का, बघू दे."