रुबिएलाचा नसलेला अंगठा

डॉक्टर एर्नान सानिन रुबिएला उस्मेला ‘रुबिएलिता’ म्हणत. सत्तेचाळीस वर्षांची बाई, दोन नातवंडांची आजी, उकळत्या काहिलीसमोर उभी राहून गूळ कधी उतरवायचा ते नुसत्या वासावर सांगणारी. आणि हा माणूस तिच्या नावाला शेपूट लावून तिला कुकुल्या बाळासारखी हाक मारायचा. तीही पाहुण्यांनी भरलेल्या हॉलमध्ये. रुबिएला तोंडावर हसू ठेवायची आणि मनात म्हणायची, बोल बाबा, बोलून घे, माझा हात तुझ्याकडे गहाण आहे.

तिचा स्वतःचा उजवा हात नऊ वर्षांपूर्वी सान हिलबेर्तो या डोंगरी गावच्या गुऱ्हाळात चरकाने खाल्ला होता, मनगटाच्या वर चार बोटं. ऊस लावताना बाही अडकली, एवढंच. त्या डोंगरात थोटे हात काही कमी नाहीत. मेदेयीन शहरातल्या संस्थेला मात्र यांत्रिक हाताच्या चाचणीसाठी त्यातले सहाच हवे होते. संस्थेची इमारत चढावर, सगळी काचेची, आत बारा महिने थंडी. थोट्या हातावर एक कवच चढवायचं, कवचाच्या आतल्या चकत्या स्नायूंची हालचाल टिपणार आणि पुढचा काळा पंजा उघडणार, मिटणार. कल्पना चांगली होती. ती संचालक सानिनसाहेबांची नव्हती, पण मिरवायचे तेच.

चाचणी अकरा महिन्यांची, आणि शेवटी हात परत करायचा अशी अट होती. पण पहिल्याच दिवशी साहेबांनी सगळ्यांदेखत तिच्या खांद्यावर हात टाकून सांगितलं होतं, “देणगीदारांसमोर प्रात्यक्षिक नीट पार पाड, रुबिएलिता, हात तुझा.” रुबिएलाने ते वाक्य पदराला गाठ मारावी तसं जपलं. हात गेल्यापासून गुऱ्हाळात तिला चिपाडं वाळत घालायला बसवलं होतं आणि तिची काहिलीवरची जागा पुतण्याला दिली होती. तो दर तिसरी काहील जाळायचा. पाक ओतायची लांब दांड्याची पळी दोन हातांनी धरल्याशिवाय पेलत नाही. तिला तिची पळी परत हवी होती, बाकी काही नको होतं.

शेवटचे चार महिने हात घरी न्यायची परवानगी मिळाली, आणि पहिल्याच आठवड्यात संस्थेची अक्कल उघडी पडली. तिने भरलेली पळी छातीच्या वर उचलली आणि पंजा आपसूक उघडला. उकळता पाक तिच्या पायाशेजारी वीतभर अंतरावर सांडला. कारण कळायला तिला इंजिनिअर व्हावं लागलं नाही. या शहाण्यांनी हाताला जे काही शिकवलं होतं, ते थंड खोलीत, तिचं कोपर टेबलावरच्या उशीवर टेकवून. निवांत टेकलेल्या हाताचे स्नायू त्याला ओळखीचे होते. हात वर उचलला, भार आला, घाम आला की तेच स्नायू वेगळे ताणले जातात, आणि पंजा गोंधळतो. जगात कुठलं काम उशीवर कोपर टेकून होतं, हा प्रश्न त्या काचेच्या इमारतीत कुणाला पडला नव्हता.

तिने ते मारित्साला सांगितलं. मारित्सा संस्थेतली तरुण इंजिनिअर, स्वभावाने चांगली, पण माणसाकडे बघण्याआधी पडद्याकडे बघणारी. तिने निरोप वर पोचवला. वरून साहेबांचं उत्तर आलं, की आलेख शहाण्णव टक्के यश दाखवतोय, पेशंटला धीर द्या.

धीर कसला घेतेय रुबिएला! तिने आपला इलाज आपणच शोधला. उचलायच्या आधी कोपर बरगड्यांना घट्ट लावायचं. मग जो अंगठा नऊ वर्षांपूर्वी चरकात गेला, पण अजूनही अधूनमधून खाजतो, तो नसलेला अंगठा नसलेल्या तळव्यात जोर लावून दाबायचा, आणि वस्तू खाली ठेवेपर्यंत दाबूनच धरायचा. मग पंजाची काय बिशाद उघडायची! आठवडाभर तिच्या बरगड्या सोलपटून निघाल्या, पण पाकाचा थेंब सांडला नाही. सवयीने ती संस्थेतही तसंच करू लागली. आलेख अठ्ठ्याण्णववर गेला. सानिनसाहेबांनी केक मागवला आणि आपला हात स्वतः शिकतो आहे असं भाषण केलं. रुबिएलाने केकचे दोन तुकडे खाल्ले आणि भाषण ऐकून घेतलं. एकदा सांगून बघितलं होतं. आता पुन्हा सांगायला जावं आणि हात बिघडलेला म्हणून काढून घेतला जावा, एवढी ती भोळी नव्हती.

ओळखलं फक्त एवेलिओने. हा म्हातारा तळघरात प्लास्टरचे साचे घेऊन कवचं बनवायचा. कवच साफ करताना त्याला कोपराच्या आतल्या बाजूला घासल्याची खूण दिसली. तो म्हणाला, “बाई, हा हात चालत नाहीये. तुम्ही याला चालवताय.” रुबिएलाने ओठांवर डावं बोट ठेवलं. म्हाताऱ्याने मान हलवली आणि तिथे आतून मऊ कातडं लावून दिलं.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी राजधानी बोगोताहून लेओनोरबाई आल्या, एका मोठ्या धर्मादाय निधीच्या प्रमुख. बाई सडपातळ, पांढऱ्या केसांच्या, आणि बोगोताच्या माणसांसारख्या कमी बोलणाऱ्या. सानिनसाहेबांनी नवा कोट घातला होता. टेबलावर उशी, उशीशेजारी अंड्यांची टोपली. अंडी संस्थेत नेहमी उकडलेलीच असायची, साहेबांचा तसा तोंडी हुकूम होता. आयुष्यभर कोंबड्या पाळणाऱ्या रुबिएलाला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं.

पहिला भाग सुरळीत झाला. कोपर उशीवर, अंडं उचललं, वाटीत ठेवलं. टाळ्या पडल्या. मग लेओनोरबाई पुढे आल्या आणि हात पसरून म्हणाल्या, ते माझ्या हातात द्याल का? मारित्साचा चेहरा उतरला. साहेबांचा मात्र फुलला, कारण स्वतःचे आलेख त्यांना खरे वाटत होते.

“अवश्य,” ते म्हणाले. “आणि बघा हं, यात रुग्णाला काहीही करावं लागत नाही. हेच आमचं वैशिष्ट्य. तिने नुसतं मनात आणायचं. बाकी सगळं आमचा हात करतो. या साध्या खेडवळ बाया, यांना काही शिकवायला जाणं म्हणजे वेळेचा अपव्यय. म्हणून आम्ही शहाणपण हातातच भरलंय.”

रुबिएला कोपर बरगडीला लावायच्या बेतात होती. ती थांबली. हात मिळवायचा तर आत्ता गप्प राहून, दात आवळून अंडं पोचतं करायचं होतं, दोन पावलांचं काम. चिपाडं डोळ्यांपुढे आली, पळी आली, पुतण्याने जाळलेल्या काहिलीचा वास आला. पण इतके महिने सोललेल्या बरगड्यांवर या माणसाने एका वाक्यात पाणी फिरवलं होतं, आणि वर तिच्याच तोंडावर ती काही करत नाही म्हणून सांगत होता. तिला त्याची इतकी किळस आली, की तिने त्याचं म्हणणं तंतोतंत मानायचं ठरवलं. तिने मनात आणलं, अंडं बाईंना द्यायचं. आणि हात नुसता वर उचलला.

पंजा उघडला. अंडं संगमरवरावर पडलं, त्याला चीर गेली, आणि ते न सांडता गडगडत साहेबांच्या बुटापाशी जाऊन थांबलं. लेओनोरबाईंनी वाकून ते उचललं, चीर पडली होती तिथे नखाने थोडं सोललं आणि टेबलावर ठेवलं.

“रुबिएलिता घाबरली,” साहेब म्हणाले.

“घाबरले नाही,” रुबिएला म्हणाली. “डॉक्टर म्हणाले मला काही करावं लागत नाही. म्हणून मी काही केलं नाही.”

लेओनोरबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. मग त्यांनी कँटीनमधून कच्ची अंडी मागवली आणि म्हणाल्या, आता तुम्ही करता तसं करा. रुबिएलाने कोपर लावलं, अंगठा दाबला आणि एकामागून एक तीन अंडी त्यांच्या तळहातावर ठेवली. बाईंनी ती वाटीत ठेवली, पर्स उचलली आणि साहेबांना सांगितलं, की दीड महिन्याने त्या पुन्हा येतील. तेव्हा सहाही जणांनी हे करून दाखवायचं, कच्च्या अंड्यांनी. नाही तर निधीचा विषय संपला.

लिफ्टचं दार बंद होईपर्यंत सानिनसाहेब हसत होते. मग रुबिएलाकडे न बघता ते मारित्साला म्हणाले, हिची चाचणी संपली, तासाभरात हात जमा करून घ्या.

तळघरात एवेलिओ पट्टे सोडू लागला. इतका धीर धरलात, अजून दहा मिनिटं धरायचा होतात, असं तो चिडून म्हणाला. रुबिएलाचंही मन आतून तेच म्हणत होतं. घरी जाऊन पुन्हा चिपाडंच वाळत घालायची होती.

शेवटचा पट्टा सुटायच्या आत जिन्यावर बूट वाजले. सानिनसाहेब तळघरात आले, मागोमाग मारित्सा. जिन्यातल्या दिव्याचं बटण त्यांना सापडेना, आणि ते शोधताना नव्या कोटाला प्लास्टर लागलं. वर बाकीच्या पाच जणांची परीक्षा घेऊन झाली होती आणि तिथल्या फरशीवर अंड्यांचा चिखल झाला होता, हे त्यांच्या बुटांवरून कळत होतं. आवाज एकदम साखरेत घोळलेला.

“रुबिएलिता, तू जे काही करतेस ना, ते जरा मारित्साला सांगून टाक.”

“आधी हात माझ्या नावावर करा.”

साहेबांनी नियमांची यादी म्हणून दाखवली. रुबिएलाने एवेलिओला पट्टे पुन्हा आवळायला सांगितले. साहेबांचा नाइलाज झाला, तेव्हा मारित्साने हात परत न आल्याची नोंद करायचा छापील कागद आणला. त्यावर कारणं तीनच होती. चोरी, आग, रुग्णाचा मृत्यू. भेट म्हणून दिला, असं कारण कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. चोरीला पोलिसांची तक्रार लागत होती, आगीला अग्निशमन दलाचा दाखला. मृत्यूला मात्र नुसती संचालकांची सही पुरत होती, कारण कुटुंबाची इच्छा असल्यास हात रुग्णाबरोबर पुरू द्यावा, असा मोठ्या मनाचा नियम साहेबांनीच केला होता. मारित्सा हे हळू आवाजात वाचून दाखवत होती. एवेलिओ तोंड फिरवून हसू दाबत होता.

साहेबांनी घड्याळ बघितलं, दीड महिन्याचा हिशेब केला, आणि मृत्यूपुढच्या चौकोनात खूण करून सही ठोकली. रुबिएलाने डाव्या हाताने कागद उचलला, शाई वाळेपर्यंत फुंकर मारली आणि घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. मग तिने सांगितलं. कोपर बरगडीला लावायचं, नसलेला अंगठा दाबायचा, आणि वस्तू टेकेपर्यंत सोडायचा नाही. ज्याला अंगठा जाणवत नसेल त्याने करंगळी करून बघावी, ते ज्याचं त्याला विचारावं लागेल. मारित्सा भराभर लिहून घेत होती. लिहिता लिहिता तिने मान वर केली आणि प्रथमच पडद्याकडे न बघता रुबिएलाकडे बघत राहिली.

“एवढंच?” सानिनसाहेब म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. “मग हे आधी का सांगितलं नाहीस?”

रुबिएलाने काळ्या पंजाने आपली पिशवी उचलली आणि कोपर बरगडीला लावलं.

“मी जिवंत होते तेव्हा कुणी विचारलंच नाही, डॉक्टर,” ती म्हणाली, आणि सान हिलबेर्तोची शेवटची बस गाठायला जिना चढू लागली.