पिवळी काच

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी वहिनी चूळ भरत होती आणि पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप गळायला लागलं. तिला वाटलं, झोप उतरली नसेल. आरशात पाहिलं तर अर्धा चेहरा तिचा आणि अर्धा दुसऱ्याच कुणाचा. डावी भुवई हलेना, डावा डोळा मिटेना. औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून तिने याच दुखण्याची औषधं कितीतरी लोकांच्या हातात ठेवली होती आणि ‘घाबरू नका, उतरेल’ म्हणून धीर दिला होता. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र तोच धीर तिला स्वतःला देता आला नाही.

दुखणं उतरलं, पण पुरतं नाही. बोलणं सुधारलं, जेवताना घास सांडेनासा झाला. डावा डोळा तेवढा अर्धवट उघडा राहायचा आणि हसलं की तोंड एकाच बाजूला ओढलं जायचं. औषधांच्या दुकानात मास्क लावायला कारण लागत नाही. वहिनीने तो लावला आणि मग काढलाच नाही.

तिला वहिनी म्हणणारी मूळ एकच, तिची नणंद. पण नणंदेचा आवाज इतका खणखणीत की ऐकून ऐकून शेजारीपाजारीही वहिनीच म्हणायला लागले. या नणंदेला घरात सगळे चिमणी म्हणत. लहानपणी पडलेलं नाव. आता ती चांगली उंचापुरी, भरभक्कम बाई होती आणि लोकांना गाडी चालवायला शिकवायची. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून ‘दाबा, दाबा, ब्रेक दाबा!’ असं ओरडून तिचा घसाही तसाच तयार झाला होता.

हिवाळ्याच्या तोंडावर चिमणीनेच टूम काढली. “आपण तिघं बर्फात जायचं. स्कीइंग शिकायचं.”

“या वयात?” तिचा भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, म्हणाला.

“म्हणून तर आत्ता. आणखी दहा वर्षांनी काय, काठी टेकत घसरणार आहेस?”

वहिनी नाही म्हणणार हे दोघांनीही धरलं होतं. पण ती हो म्हणाली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. बर्फात सगळेच नखशिखांत झाकलेले असतात, असं कुठेतरी मनात आलं असावं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी एकच अट घातली: उघड्या राहणाऱ्या डोळ्याला गार वारा लागता कामा नये, गॉगल असा घ्या की कुठूनही फट राहणार नाही.

म्हणून एका दुपारी तिघं खेळांच्या सामानाच्या दुकानात गेली. एक अख्खी भिंत गॉगलनी भरली होती. निळे, सोनेरी, पाऱ्यासारखे चकचकीत, काही पाण्यासारखे फिके. दुकानदार पन्नाशीचा, बोलका माणूस होता. चिमणीचा चष्मा बघून त्याने आपणहून एक गॉगल काढला.

“तुम्हाला हा. आतून खोल आहे, आणि कडेच्या स्पंजला खाचा आहेत बघा. चष्म्याच्या काड्या त्यातून जातात.”

चिमणीने तो चढवला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “कशी दिसते?”

“बेडकासारखी,” भाऊ म्हणाला.

“आणि तू? तुला गॉगल न घालताच जमतं ते!”

वहिनी मास्कच्या आत हसली. मग तिची पाळी आली. दुकानदार म्हणाला, “मास्क जरा काढा. गॉगल नाकावर बसवायचा म्हणजे मध्ये काही नको. आणि पट्टा नंतर, आधी नुसता हाताने टेकवा. सगळीकडून सारखा लागतोय? नाकापाशी उजेड शिरतोय का?”

तिने पाठ वळवून मास्क उतरवला आणि गॉगल डोळ्यांवर धरला. “नाही शिरत.”

“छान. आता जरा हसून दाखवा.”

वहिनी तशीच उभी राहिली.

“सगळ्यांनाच सांगतो मी हे,” दुकानदार म्हणाला. “हसलं की गाल वर चढतो, आणि फट पडायची असेल तर तिथेच पडते. हसा की!”

“अहो, राहू द्या,” चिमणी मध्येच बोलली. “तिला नाही येत हसायला!”

बोलून गेली आणि तिचं तिलाच कळलं. दुकानदार गोरामोरा झाला आणि उगाच एक डबी उघडून बंद करू लागला. वहिनीच्या नवऱ्याने बुटांच्या रांगेकडे मोर्चा वळवला. अवघड क्षणी दुसरीकडे बघायचं, ही त्याची जुनी रीत. वहिनीने गॉगल खाली ठेवला आणि भिंतीवरचा सर्वांत काळा, आरशासारखा गॉगल उचलून घातला.

समोरच्या आरशात तिचे डोळे नव्हतेच. तिथे दुकानातले दिवे होते, छत होतं, लटकवलेले कोट होते. तिला एकदम हलकं वाटलं.

“हा द्या.”

“बसलाय चांगला,” दुकानदार खालच्या आवाजात म्हणाला. “पण ही काच कडक उन्हासाठी असते. ढग आले की हिच्यातून खड्डा आणि उंचवटा सारखाच दिसतो. डोंगरावर कधी ढग उतरतील नेम नसतो. एकदा ही पिवळी बघा.”

त्याच्या समाधानासाठी तिने पिवळी काच लावून बघितली. दुकान उजळलं, जमिनीवरच्या फरशांच्या फटीसुद्धा उठून दिसल्या. पण आरशात तिचे दोन्ही डोळेही उठून दिसत होते, आणि डावा, तो अर्धवट उघडा, जास्तच. तिने लगेच काढली.

“नको. मला काळीच पाहिजे.”

“बरं. आणखी एक सांगतो. गळपट्टा नाकावर ओढू नका. श्वास आत शिरतो आणि काचेवर वाफ धरते.”

तिने मान हलवली. पण ऐकायचं नाही हे तिचं ठरलेलं होतं.

पहिल्या दिवशी स्वच्छ ऊन होतं. वहिनीच्या नवऱ्याने गुडघ्याचं कारण सांगून खालच्या उपाहारगृहात खिडकीजवळची खुर्ची पकडली. नणंद-भावजय मात्र नवशिक्यांच्या उतारावर गेल्या. शिकवणारी मुलगी पाचसहा जणांना पाय आत वळवून थांबायला शिकवत होती. वहिनी पडली, उठली, पुन्हा पडली. हेल्मेट, काळी काच, नाकापर्यंत ओढलेला गळपट्टा. तिच्याकडे बघणाऱ्याला तिच्यात स्वतःचंच प्रतिबिंब दिसत होतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती इतक्या माणसांमध्ये मोकळेपणाने वावरली. संध्याकाळी पाय भरून आले होते, तरी ती नवऱ्याला म्हणाली, “उद्या लवकर जाऊ या हं.”

दुसऱ्या दिवशी ढग खाली उतरले. आभाळ पांढरं, डोंगर पांढरा, कुठून काय सुरू होतं काही कळेना. सरकत्या पट्ट्यावरून दोघी वर गेल्या. वहिनीच्या गळपट्ट्यातून वर चढणारा श्वास काचेवर धरू लागला. काळी काच, त्यावर वाफ. तिला आपल्या स्कीची टोकंसुद्धा धड दिसेनात.

“वहिनी, बरी आहेस ना?” चिमणी खालून ओरडली. ती थोडी पुढे जाऊन थांबली होती.

“हो, आले!”

वहिनी निघाली. सपाट वाटलेल्या जागी जमीन एकदम खाली गेली, वेग वाढला. पाय आत वळवायचं लक्षात होतं, पण आपण सरळ जातोय की आडव्या, तेच कळेना. समोर काहीतरी लाल आलं. लाल म्हणजे चिमणीचं जाकीट, हे तिला धडकल्यावर समजलं.

दोघी एकमेकींवर कोसळल्या. एक स्की सुटून थोडी खाली जाऊन थांबली. चिमणीचा चष्मा गॉगलच्या आत नाकावरून वाकडा झाला.

“अगं, मी दिसले नाही तुला?” चिमणी ओरडली. “एवढी ही मी! रस्त्यातली इमारत नाही दिसली!”

“नाही दिसलीस,” वहिनी म्हणाली. “काहीच दिसत नाहीये गं. लागलं का तुला?”

चिमणी बर्फात बसूनच हातपाय चाचपत होती. काही मोडलं नव्हतं. मग तिचा स्वर एकदम उतरला.

“तसं तर दोन वर्षांत मी दिसलेच नाही तुला.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय! मी येते, बडबड करते, विनोद मारते. आधी तू कशी पोट धरून हसायचीस. मग नुसतं बघायला लागलीस. मला वाटलं, तुला माझा कंटाळा आला. दादाला विचारलंसुद्धा. तो म्हणाला, तिचं ती बघेल.”

“अगं, मी हसत होते की. मास्कच्या आत.”

“मला काय माहीत? मी काय आत येऊन बघू?”

वरून येणारं एक जोडपं त्यांना वळसा घालून गेलं. चिमणी हातमोज्याने बर्फ उकरत राहिली.

“आणि त्या दुकानात मी जे बोलले ना,” ती म्हणाली, “तेव्हा जीभ हासडून टाकावीशी वाटली. तीन रात्री मला धड झोप नाही. मला म्हणायचं होतं की, तिला त्रास देऊ नका. निघालं भलतंच.”

वहिनीने गळपट्टा खाली ओढला, गॉगल कपाळावर चढवला. गार वारा डाव्या डोळ्याला झोंबला आणि पाणी आलं. ते वाऱ्याचंच होतं असं नाही.

“हसले की वाकडं दिसतं गं. मलाच बघवत नाही.”

“मग दिसू दे! मी रोज लोकांनी वाकड्या लावलेल्या गाड्या बघते. गाडी पोचली ना? बास!”

हे इतकं चिमणीसारखं होतं की वहिनीला हसू फुटलं. उजवी बाजू आधी वर गेली, डावी मागून जेमतेम आली. ती तोंड झाकायला हात उचलणार होती, पण हातमोजे बर्फाने माखलेले होते. चिमणी वाकड्या चष्म्यातून टक लावून बघत होती. नजर तिने वळवली नाही.

“हां,” ती म्हणाली. “हेच पाहिजे होतं मला. आता डोळा झाक, वारा लागतोय.”

दोघी स्की काखेत मारून उताराच्या कडेकडेने चालत खाली आल्या. सामान भाड्याने देणाऱ्या खिडकीशी रांग होती. वहिनी रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा तिने काळा गॉगल पिशवीत टाकला.

“पिवळ्या काचेचा आहे का? कुठूनही वारा शिरणार नाही असा पाहिजे. हा डोळा पूर्ण मिटत नाही माझा.”

हे वाक्य तिने परक्या माणसासमोर पहिल्यांदाच उच्चारलं. वाटलं होतं, तोंडातून निघणारच नाही. खिडकीतल्या माणसाने “बघू या” एवढंच म्हटलं आणि तीनचार गॉगल पुढे ठेवले. एक गालाच्या हाडावर टोचत होता. दुसऱ्याची वरची कड आणि हेल्मेट यांच्यात कपाळाची पट्टी उघडी पडत होती. तिसरा तिने पट्टा घट्ट करून, सैल करून, मान वरखाली करून बघितला. मागे रांगेतलं कुणीतरी चुळबुळलं, पण तिने घाई केली नाही. मग चौथाही घालून बघितला आणि पुन्हा तिसराच घेतला.

दोघी पुन्हा उतारावर गेल्या तेव्हा शिकवणारी मुलगी जवळ आली आणि वाकून तिच्या काचेत बघू लागली. “डोळ्यात काही गेलंय का? लाल दिसतोय.”

“नाही. चेहऱ्याला लकवा झाला होता. मिटत नाही तो.”

“अच्छा. झोंबायला लागला तर लगेच सांगा, थांबू आपण,” मुलगी म्हणाली आणि लगेच दुसऱ्या कामाला लागली. “गुडघे वाकवा. नजर स्कीवर नको, जिथे जायचंय तिथे.”

वहिनीने नजर वर केली. ढग तसेच होते, ऊन नव्हतंच. पण मघाचा सगळा पांढरा कोरेपणा आता कोरा राहिला नव्हता. बर्फाला सुरकुत्या होत्या, लोकांच्या स्कीने ओढलेल्या रेघा होत्या, मधोमध एक उथळ खळगा होता. मघाशी ती पडली ती याच्यामुळेच. खळग्याला वळसा घालायला डावीकडे भरपूर जागाही होती.

ती निघाली. गळपट्टा हनुवटीखाली होता, तोंडाला गार वारा लागत होता. खळगा बाजूला गेला. एक वळण बरं जमलं, दुसरं जरा ओबडधोबड झालं. उताराच्या शेवटी लावलेल्या जाळीच्या बरंच अलीकडे ती थांबली, आपली आपण. उपाहारगृहाच्या काचेतून नवरा हातात कप धरून उठून उभा राहिलेला दिसला. इतक्या लांबून त्याने तिला कशावरून ओळखलं कोण जाणे.

मागून चिमणीचा आवाज आला, “वहिनी, सरक, सरक, मी येतेय!”

वहिनी बाजूला झाली, तिला खुशाल पुढे जाऊ दिलं, आणि पुन्हा वर जायला सरकत्या पट्ट्याच्या रांगेत जाऊन उभी राहिली.