खुराड्याची पट्टी

भावजींनी ट्रॅक्टर आणला होता तो ट्रॉलीचा हूक जोडून घ्यायला. मिस्त्रिणीनं हूक जोडला, वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला आणि हाताच्या सवयीनं ब्रेकची दोन्ही पायडलं दाबून बघितली. उजवं अर्ध्यावर येऊन घट्ट झालं. डावं मात्र खाली गेलं ते गेलंच, पार तळाला टेकलं. शिवाय दोन्ही पायडलांना एकत्र बांधून ठेवणारी लोखंडी पट्टी असते, तिच्या जागी नुसतं भोक होतं आणि त्या भोकात चिखल वाळलेला.

"भावजी, डावा ब्रेक संपलाय तुमचा," ती म्हणाली. "आणि पट्टी कुठाय?"

"तुम्हाला हूक सांगितला होता वहिनी."

"हूक झाला. पट्टी कुठाय?"

भावजी सीटवर बसूनच होता. खाली उतरून बघायची तसदी घेईल तर तो भावजी कसला. पट्टी म्हणे शेतात सारखी काढा आणि रस्त्यावर सारखी घाला, एवढा वेळ कुणाला आहे? आणि माझा पाय केवढा आहे बघा, एका बुटाखाली दोन्ही पायडलं येतात. असं म्हणून त्यानं खरोखरच पाय पुढं करून दाखवला. मिस्त्रिणीला त्या बुटाकडं बघून हसू आलं नाही, किळस मात्र आली.

गावात ह्या माणसाला पायलट म्हणत. नाव लोकांनी ठेवलं होतं चेष्टेनं, पण ह्यानं ते पदकासारखं छातीवर लावून घेतलं. शेताकडून खालच्या वस्तीकडं जाणारा लांबलचक उतार तो गिअर काढून, ट्रॅक्टर मोकळा सोडून उतरायचा. डिझेल वाचतं म्हणायचा. ब्रेक भित्र्या माणसांना लागतो, असंही म्हणायचा आणि वर मिशीवरून हात फिरवायचा. ट्रॅक्टर चालवून त्याला बारा वर्षं झाली होती. बारा वर्षांत कुणी मेलं नाही हा त्याचा पराक्रम.

मिस्त्रिणीचा नवरा मिस्त्री होता. तो जाऊन चार वर्षं झाली. त्याच्याबरोबर सोळा वर्षं तिनं पाने दिले, ड्रम उघडले, लायनर घासली, आणि शेवटची दोन वर्षं तर त्याचे हात थरथरायचे तेव्हा सगळं काम हिनंच केलं होतं. गावाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पंप बिघडला, नांगराचा फाळ वाकला, की लोक निमूट तिच्या दारात. पण ब्रेक म्हटला की ट्रॅक्टर दीड तास हाकत दूरच्या मोठ्या गावात न्यायचे. बाईच्या हातचा ब्रेक कसा लागेल? जसा काही ब्रेक आत बसून बघतो, आपल्याला कुणी बसवलं ते.

हे सगळं तिनं सोडून दिलं असतं. गावाची अक्कल तिला नवी नव्हती. पण पायलटच्या ट्रॉलीत रोज सकाळी बारा बायका बसून उताराखालच्या भाजी निवडायच्या शेडला जायच्या, आणि त्या बारांत तिची एकुलती लेक होती.

रात्री जेवताना तिनं लेकीला सांगितलं, उद्यापासून उतार पायी उतरायचा. लेकीनं विचारलं, का? मग आईनं दोन्ही तळवे एकमेकांवर जोरानं घासले आणि लेकीच्या गालाला लावले. गरम लागले.

"ब्रेक म्हणजे एवढंच," ती म्हणाली. "चाकाबरोबर ड्रम फिरतो. पायडल दाबलं की आतले दोन शू पसरतात आणि ड्रमला घासतात. गाडीचा वेग त्या घासण्यात जिरतो. शूवर लायनर असतं, ते झिजलं की घासायला काही उरतच नाही."

लेक म्हणाली, पण काकांचा उजवा ब्रेक तर चांगला आहे. तेच तर, आई म्हणाली. ट्रॅक्टरला मागच्या दोन चाकांचे दोन वेगळे ब्रेक असतात ते शेतासाठी. कोपऱ्यावर डावं पायडल एकटं दाबलं की डावं चाक थांबतं, उजवं ढकलत राहतं आणि ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो. रस्त्यावर आलं की पट्टी लावायची, म्हणजे दोन्ही चाकं एकदम थांबतात. हा बाबा कडेकडेनं गोल नांगरतो, प्रत्येक कोपऱ्यावर डावीकडं वळतो. बारा वर्षं डावं लायनर खाल्लंय त्यानं. आता उतारावर पाय दिला की उजवं चाक थांबणार, डावं फिरत राहणार आणि तुमच्यासकट ट्रॉली मागून ढकलणार. ट्रॉलीला तर ब्रेकच नाही. उजव्या अंगाला काय आहे उतारावर?

"ओढा," लेक हळूच म्हणाली.

तिनं हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाली, "मी उतरले तरी अकराजणी वर बसणारच ना. मला एकटीला खाली उतरवून तुझं भागणार आहे का?"

मिस्त्रिणीला राग आला. पोरीचा नाही, पोरीचं बरोबर होतं ह्याचा.

तशीच उठून ती दिराच्या घरी गेली. म्हटलं पट्टी तरी शोधावी. जाऊ अंगणात कोंबड्या कोंडत होती, आणि शोधायची वेळच आली नाही. खुराड्याच्या दाराला कडी म्हणून, दोन खिळे ठोकून, ट्रॅक्टरची पट्टी लावली होती. चांगली जाडजूड, कारखान्यात घडवलेली. जाऊ खाली बघायला लागली. भावजी मात्र दारातून म्हणाला, "ती काढू नका हां वहिनी, कोंबड्या सुटतील."

मिस्त्रीण तशीच माघारी फिरली. ह्या माणसाला कोंबड्यांची एवढी काळजी आहे, हे तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळत होतं.

रात्रभर भुरभुर पाऊस पडून गेला. सकाळी तांबडा रस्ता नुसता ओलसर होता, चिखल काही झाला नव्हता, फक्त ओढ्याकडेची माती फुगून मऊ पडली होती. मिस्त्रीण उजाडताच खाली ओढ्यावरच्या मोरीपर्यंत जाऊन आली. उतार जिथं सपाटीला लागतो तिथं, मोरीच्या अलीकडं, तिनं रस्त्यावर चुन्याची आडवी रेघ मारली आणि परत वर येऊन उताराच्या तोंडाशी, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत बायका दाटीवाटीनं बसलेल्या, पाऊस येईल म्हणून डोक्यावर पोत्यांच्या खोळी घेतलेल्या. पायलटनं थांबवला, तोही तिच्या अगदी पायाशी आणून, तिला भ्यायला लावायचं म्हणून. ती हलली नाही. तिनं बायकांना खाली उतरायला सांगितलं. कुणी उतरेना. शेडला उशीर होईल, कामावर दुसऱ्या घेतील, आणि पायलट काय रोज नेतोच की.

तेव्हा ती दिराला म्हणाली, "तुम्ही एकटे उतरा. रिकामी ट्रॉली घेऊन, दुसऱ्या गिअरमध्ये, सावकाश. खाली रेघ मारलीय. रेघेवर दोन्ही पायडलं दाबा. ट्रॅक्टर सरळ उभा राहिला तर मी माझ्या दुरुस्तीच्या दुकानाला कुलूप घालते. पुन्हा हातात पाना धरणार नाही."

लेकीनं आईकडं बघितलं. त्या दुकानावर दोघींचं घर चालत होतं.

पायलट हसला. बायकांनो, उतरा म्हणाला, दोन मिनिटांचं काम आहे, वहिनींना कायमची सुट्टी देऊन टाकू. बायकांची मुकादमीण सगळ्यांत जाडी आणि सगळ्यांत आळशी, पण तमाशा म्हटल्यावर तीच पहिली उतरली. मग बाकीच्या उतरल्या. लेक शेवटी उतरली. तिची जागा ठरलेली होती, ट्रॉलीच्या पुढच्या उजव्या कोपऱ्यात, फळीला पाठ लावून.

ट्रॅक्टर निघाला. पहिली शंभर पावलं इंजिन गुरगुरत, वेग आवरून चाललं होतं. गिअरमध्ये असलं की इंजिनच चाकांना मागं धरतं, पायाला फारसं काम राहत नाही, आणि मिस्त्रिणीनं दुसरा गिअर सांगितला होता तो त्यासाठीच. मग एकाएकी गुरगुर थांबली. ट्रॅक्टर हलका होऊन सुसाट निघाला. त्यानं गिअर काढला होता. एवढ्या बायका बघतायत म्हटल्यावर त्याला पायलटगिरी दाखवल्यावाचून चैन पडत नव्हती.

"गाढव," मिस्त्रीण म्हणाली. मुकादमीण वळून बघायला लागली, तेव्हा तिनं पुन्हा म्हटलं.

रेघेवर त्यानं तो नावाजलेला बूट दाबला. उजवं चाक जागच्या जागी धरलं आणि घासत गेलं. डावं फिरतच राहिलं. ट्रॅक्टरचं नाक झटक्यात उजवीकडं वळलं, मागून ट्रॉलीनं त्याला रेटलं आणि ती स्वतः वळून रस्त्याला आडवी लागली. मोठा आवाज झाला. मग ट्रॅक्टर ओढ्याच्या मऊ मातीत पुढची चाकं बुडेपर्यंत रुतून बसला. बायका ओरडत खाली पळाल्या.

पायलट स्टिअरिंगला दोन्ही हातांनी मिठी मारून बसला होता. तोंडावर, मिशीवर, शर्टावर चिखल. हाडं सगळी शाबूत होती. पहिलं वाक्य त्याच्या तोंडून निघालं ते असं, "रस्ता ओला होता."

मिस्त्रिणीनं चपलेच्या टोकानं खुणा दाखवल्या. उजव्या चाकानं रस्ता खरवडत नेला होता, लांबलचक चर. डाव्या चाकाचे नुसते ठसे उमटले होते, एकेक कातीव, जसे रोज उमटतात.

"डाव्या चाकाखालचा रस्ता कोरडा होता का?" तिनं विचारलं.

ह्यावर तो आणखी काहीतरी बोलणार होता. माती भुसभुशीत होती, किंवा रेघ चुकीच्या जागी मारली, त्याच्याकडं कारणांचा काही तुटवडा नव्हता. पण तेवढ्यात मुकादमिणीनं तोंडावर हात घेतला. सगळ्यांनी तिकडं बघितलं. ट्रॉलीचा पुढचा उजवा कोपरा मोरीच्या दगडावर आदळून चेपला होता. फळी आत घुसून दोन तुकडे झाली होती, आणि तिचं टोकदार टोक बसायच्या जागेच्या बरोबर वर आलं होतं.

लेक तिथं गेली, त्या फळीला तिनं बोट लावलं आणि रस्त्याच्या कडेला खाली बसली. मिस्त्रीण तिच्या शेजारी बसली. लेकीच्या बोटात फळीचं कुसळ गेलं होतं, ते तिनं नखानं उपटून काढलं.

त्या दिवशी बाराही बायका शेडला चालत गेल्या. मुकादमीण जाताना पायलटला सांगून गेली, ब्रेक झाल्याशिवाय आणि पट्टी लागल्याशिवाय तुझ्या ट्रॉलीत कोंबडीसुद्धा बसणार नाही.

पायलट मोठ्या गावी नेतो म्हणत होता. पण बिनब्रेकचा ट्रॅक्टर दीड तास न्यायचा, ह्याला आता तोही घाबरला. दुपारी ट्रॅक्टर ओढून मिस्त्रिणीच्या दारात आला. तिनं दोन्ही चाकं उतरवली, ड्रम उघडले. डाव्या शूवर लायनर नव्हतंच, ते धरून ठेवणारे नुसते रिबिट चमकत होते. तिनं दोन्ही बाजूंची लायनर नवी घातली. उजवं अजून चांगलं आहे की, असं भावजी उलट्या डब्यावर बसून म्हणाला, तेव्हा तिनं एकच सांगितलं, एका बाजूला नवं घातलं तर उद्या डावीकडं ओढेल, तिकडं डोंगर आहे. त्यानं डबा जरा मागं सरकवला.

संध्याकाळी जाऊ आली. हातात पट्टी, खिळे तिनं स्वतःच्या हातानं उपटले होते, बोटाला खरचटलं होतं. "घ्या वहिनी," ती नवऱ्यासमोर म्हणाली. "कोंबड्या सुटल्यात. ह्यांना म्हणावं, धरा जाऊन."

भावजी उठला आणि खरोखरच गेला.

दहा दिवस झाले. लेक रोज ट्रॉलीत बसून जायला लागली. एका सकाळी शेडला पोचल्यावर डबा विसरल्याचं कळून ती परत आली, ती फणफणतच. रस्त्यात काय ऐकलं ते सांगायला लागली. काका किराणा दुकानाच्या ओट्यावर बसून दुसऱ्या एका ट्रॅक्टरवाल्याला शिकवत होते. अडाणी आहेस म्हणे, दोन ब्रेक शेतासाठी असतात, रस्त्यावर पट्टी लागते, एवढंही कळत नाही? मी स्वतः उतारावर चाचणी घेतली तेव्हा कळलं, असं म्हणाले. तुझं नावसुद्धा घेतलं नाही, आई.

"आज पट्टी लावली होती का त्यानं?" मिस्त्रिणीनं विचारलं.

"रोज लावतात. आधी सगळ्यांना दाखवतात, मग लावतात."

"गिअर?"

"दुसरा."

"मग बोलू दे त्याला," ती म्हणाली आणि कानस उचलली. "तोंडाला ब्रेक बसवायचं काम मी घेत नाही."

दुपारी दारात ट्रॅक्टर वाजला. तो दुसरा ट्रॅक्टरवाला होता, आणि त्याच्या शेजारी चाकावरच्या पत्र्यावर पायलट ऐटीत बसला होता. वरूनच म्हणाला, "वहिनी, ह्याचे ब्रेक जरा बघा. ह्याला काही कळत नाही."

चार वर्षांत तिच्या दारात ब्रेकसाठी आपण होऊन आलेला तो पहिला ट्रॅक्टर होता. तिनं पायडलांच्या मधल्या भोकाकडं बघितलं. त्यातही चिखल वाळलेला होता.

"उतरा खाली," ती म्हणाली. "दोघंही."